गळ्यातला सिकंदर

इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस अँटिओक शहरातला ख्रिस्ती धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टम आपल्याच लोकांवर चिडला होता. क्रूस मानणारी ही माणसे सिकंदराची कांशाची नाणी डोक्याला आणि पायांना बांधत. मेलेल्या ग्रीक राजाकडून कसली आशा करता, हा त्याचा सवाल. सिकंदराला जाऊन तेव्हा सातशे वर्षे उलटली होती!

ग्रीक नाणे अंगावर आले ते असे, हौसेइतकेच ताईत म्हणूनही. त्यावर कोणाचा चेहरा आहे याची चौकशी फारशी कोणी केली नाही. सिकंदराच्या चांदीच्या नाण्यावर सिंहाचे कातडे पांघरलेला आहे तो खरे तर ग्रीक पुराणातला वीर हेराक्लीज. पुढे अनेकांनी त्यालाच सिकंदर ठरवले. ऱ्होड्स बेटाच्या नाण्यावरच्या सूर्यदेवाचे किरण मध्ययुगीन युरोपातल्या भाविकांना येशूच्या काटेरी मुकुटासारखे दिसले, आणि येशूला पकडून दिल्याबद्दल यहूदाला मिळालेल्या 30 नाण्यांपैकीच हे एक म्हणून ती चर्चमध्ये पूजली गेली. आपल्याकडेही वेगळे काय घडले? व्हेनिसचे सोन्याचे नाणे पुतळी होऊन मराठी बायकांच्या गळ्यात आले, तर दक्षिणेत त्यावरचा गुडघे टेकलेला राज्यप्रमुख लोकांना ताडी काढणारा शाणार वाटला.

रोमनांना हौस होतीच. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित पॉम्पोनियस सांगतो, की जुनी सोन्याचांदीची नाणी रत्नांसारखी वापरतात, म्हणून त्यांच्या उपभोगाचा हक्क मृत्युपत्राने देता येतो. तिसऱ्या शतकात सोन्याच्या नाण्यांभोवती जाळीदार चौकटी आल्या.

आजची फॅशन मात्र रोममधलीच, पण बरीच अलीकडची. 19व्या शतकात कास्तेल्लानी या तिथल्या सोनारांच्या घराण्याने प्राचीन धाटणीचे दागिने पुन्हा चलनात आणले. 1884 मध्ये एपिरसचा ग्रीक चांदीकाम करणारा सोतिरिओ बुल्गारी रोमला दुकान थाटून बसला. त्याच्या वारसांनी 1960 च्या दशकात खरी प्राचीन नाणी जाडजूड सोनसाखळ्यांत बसवली.

काम दिसते त्याहून अवघड. अथेन्सचे घुबडाचे नाणे साधारण 17 ग्रॅम चांदीचे, चांगले जाड. हातोड्याने ठोकलेले असल्याने छाप क्वचितच मधोमध बसतो. पुढच्या बाजूवरच्या अथेना देवीच्या शिरस्त्राणाचा तुरा कित्येकदा कडेबाहेर गेलेला असतो. दोन नाणी एका आकाराची नसतात, म्हणून प्रत्येकाला वेगळे कोंदण घडवावे लागते, तेही मागून उघडे, म्हणजे घुबडही दिसते. जाणकार कारागीर डाक लावत नाही की भोक पाडत नाही. जुन्या काळी कडी डकवलेली नाणी भरपूर सापडतात. संग्राहक ती पाहून हळहळतात आणि भाव पाडतात.

आता अडचण कायद्याची आहे. ग्रीसच्या 2002 च्या कायद्याने प्राचीन वस्तूंना संरक्षण दिले, आणि अमेरिकेने 2011 पासून तिथल्या नाण्यांच्या आयातीवर निर्बंध घातले. त्यामुळे नाणे जडवलेला दागिना घेताना सोन्याच्या पावतीइतकाच नाणे कुठून आले याचा कागदही पाहावा लागतो.