टेकलेला स्लॅब आणि बांधलेला स्लॅब

पीसीसीची, म्हणजे सळई नसलेल्या साध्या काँक्रीटची भिंत आणि तिच्यावरचा स्लॅब, यांचा सांधा दोन प्रकारचा असतो. सेंटरिंग निघालं की दोन्ही सारखेच दिसतात. वजनही दोन्हींत खाली उतरतंच. फरक आडव्या जोराचा आहे.

टेकलेल्या स्लॅबसाठी भिंतीचा माथा सिमेंटने घोटून गुळगुळीत करतात, वाळल्यावर चुन्याचा जाड हात देतात आणि मग स्लॅब भरतात. स्लॅबला सरकता यावं म्हणून हा खटाटोप. काळ्या दगडाच्या खडीचं काँक्रीट 30 अंश तापलं, तर 10 मीटरमागे अडीच-तीन मिलिमीटर वाढतं. गच्चीचा स्लॅब रोज उन्हात तापतो. त्याला भिंतीने अडवलं, तर ताण घ्यायला भिंतीत सळई नाही. स्लॅबच्या खालोखाल आडवी भेग पडते आणि पावसाळ्यात तिथूनच ओल येते.

बांधलेल्या स्लॅबचं काम बरोबर उलटं. भिंत भरतानाच माथ्यात मधोमध उभे बार, म्हणजे सळईचे तुकडे, वर सोडायचे, माथ्यावरची साय, म्हणजे सिमेंटचा कच्चा थर, तारेच्या ब्रशने काढून खडी उघडी करायची आणि बार स्लॅबमध्ये नीट अडकवायचे. आता वारा, मातीचा दाब किंवा भूकंप आला, तर स्लॅब भिंतीचा माथा धरून ठेवतो. अशा आधार दिलेल्या भिंतीच्या जोडणीने तिथल्या उभ्या भाराच्या किमान 2.5 टक्के आडवं बल पेलावं, असं आयएस 456 हे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक सांगतं. मीटरला 5 टन भार असेल, तर 125 किलो. आकडा लहान आहे, पण चुना लावून घर्षण आपणच कमी केलं असेल, तिथे तो घर्षणाच्या भरवशावर सोडायला मी तयार नाही.

बार सोडले म्हणजे सांधा ताठ झाला, हा समज मात्र काढून टाकायला हवा. मधल्या एका ओळीतले बार बिजागरीसारखे असतात: माथा सरकू देत नाहीत, पण वळू देतात. भिंतीची परिणामी उंची, म्हणजे ताकदीच्या हिशेबात घ्यायची उंची, पाऊणपट धरायची सवलत दोन्ही टोकांचं वळणं रोखलं असेल तरच मिळते. नाहीतर उंची पूर्ण धरायची. भार कुठे पडतो, हेही बारांवर ठरत नाही. 150 मिलिमीटरच्या भिंतीवर पूर्ण रुंदीभर टेकून तिथेच संपणाऱ्या स्लॅबचा भार आतल्या कडेपासून 50 मिलिमीटरवर धरतात, म्हणजे मध्यापासून 25 बाजूला. स्लॅब पलीकडेही सलग गेला असेल, तर भार मध्यावर येतो.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन्हींची सरमिसळ: घोटून चुना लावलेला माथा आणि त्यातूनच वर आलेले बार. स्लॅब सरकायला बघतो, बार अडवतात आणि भिंतीचा माथा बारांभोवती फुटतो.

माझा कल असा: मधल्या मजल्यांना ऊन नसतं, तिथे बांधून घ्या. लांब गच्ची सरकती ठेवायची असेल, तर सांध्याच्या खाली भिंतींच्या माथ्यावर सळई घातलेल्या काँक्रीटची सलग पट्टी फिरवा आणि तिला काटकोनात येणाऱ्या भिंतींशी जोडा. मग माथा धरायला स्लॅबची गरज उरत नाही.