गायकाची पट्टी : एका शब्दामागचा इतिहास

मैफलीपूर्वी ग्रीनरूममध्ये तानपुरे जुळवले जात असताना साथीदारांचा पहिला प्रश्न पट्टीचा असतो. ‘काळी एक’ किंवा ‘काळी चार’ (पेटीवरची पहिली किंवा चौथी काळी पट्टी) एवढ्या उत्तरावर कोणता तबला बाहेर काढायचा, तानपुऱ्याच्या तारा किती ताणायच्या आणि पुढच्या दोन-अडीच तासांत गळ्यावर किती भार पडणार, हे सारे ठरते. गळ्याच्या निगेविषयी आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा खडीसाखर, ज्येष्ठमध आणि थंड पाणी यांविषयी. परंतु गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो. स्वरतंतूंना त्याचा थेट स्पर्श होत नाही. त्यांच्यावर रोज आणि थेट परिणाम करणारा निर्णय पट्टीचाच असतो, आणि तो निर्णय गायकांनी अनेकदा गळ्याकडे न पाहता घेतला आहे.

या गोंधळाचा बराचसा दोष शब्दाकडे जातो. ‘पट्टी’ म्हणजे पेटीवरची, बोटाने दाबायची काळी किंवा पांढरी पट्टी. त्यावरून गायकाने धरलेल्या षड्जाची, म्हणजे ‘सा’ची, उंची म्हणजेही पट्टी. आणि ‘चढ्या पट्टीत बोलणे’ म्हणजे मोठ्याने, रागाने बोलणे. स्वराची उंची आणि आवाजाचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात अशा मिसळल्या की, ‘पट्टी वर घे’ असे सांगताच विद्यार्थी षड्ज चढवतो आणि त्यासोबत आवाजाचा रेटाही वाढवतो. शिवाय ‘पट्टीचा गवई’ म्हणजे कसलेला गवई. या विशेषणात उंच सुराची अट मुळीच नाही, पण कानाला हे शब्द शेजारी वाटतात आणि जितकी पट्टी वरची तितका गवई मोठा, हा समज नकळत पक्का होतो. माझ्या मते गेल्या शतकात जे चांगले गळे अकाली थकले, त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी हा समज आहे.

पेटी येण्यापूर्वी षड्जाला असे नाव नव्हते. गायक आपला सूर तानपुऱ्यावर कानाने लावी आणि त्या दिवशी गळा जिथे सुखाने बसेल तिथे तो ठरे. ‘मर्दानी’ आणि ‘जनानी’ तानपुरे वेगवेगळे होते, तेवढा ढोबळ भेद पुरेसा होता. १८४२ साली फ्रान्समध्ये पेटंट झालेले हार्मोनियम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इकडे रुळले, आणि गळ्याच्या उंचीला प्रथमच एक स्थिर, सर्वांना सांगता येईल असे माप मिळाले. पुढे १९४० मध्ये नभोवाणीने मिंड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे) निघत नाही आणि श्रुती (स्वरांमधली सूक्ष्म अंतरे) बिघडतात या कारणांनी हे वाद्य बंद केले व ती बंदी तीस वर्षांहून अधिक टिकली. तरी त्या काळातही नभोवाणीवर गाणारा गायक आपला सूर ‘काळी दोन’ असाच सांगत राहिला.

उंच पट्टीची खरी गरज रंगभूमीची होती. १८८० मध्ये पुण्यात संगीत नाटक उभे राहिले तेव्हापासून पुढची पाच-सहा दशके नटाला ध्वनिवर्धकाशिवाय पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचावे लागे, तेही रात्रभर, आणि ‘वन्स मोअर’ची मागणी पुरी करून. माणसाचा कान मंद्रापेक्षा, म्हणजे खालच्या सप्तकापेक्षा, वरचे स्वर अधिक सहज टिपतो, म्हणून पुरुष नटही पांढरी चार, पांढरी पाच अशा पट्ट्यांत गाऊ लागले. हा फरक आकड्यांत पाहावा. काळी एकमध्ये तार पंचम, म्हणजे वरच्या सप्तकातला ‘प’, लावताना स्वरतंतू सेकंदाला सुमारे ४१५ वेळा एकमेकांवर आपटतात. पांढरी चारमध्ये तोच पंचम सुमारे ५२४ आघात मागतो. त्यात रेटा मिसळला की स्वरतंतूंच्या कडेला सूज येते, ती रोज येत राहिली की गाठी धरतात, आणि आवाजात आधी हवा व मग घोगरेपणा शिरतो.

१९२५ नंतर विजेच्या ध्वनिमुद्रणाने आणि पुढे नाट्यगृहांतील ध्वनिक्षेपकाने ही गरज संपवली. कुजबुजीएवढा मंद्र षड्जही आता शेवटच्या रांगेत ऐकू येणार होता. काही गायकांनी या संधीचे सोने केले. पट्टी उतरवली आणि खर्जाचे, म्हणजे खालच्या सुरांतले, काम मैफलीत आणले. पण श्रोत्यांची दाद जिथे पडत होती तिथेच पडत राहिली. तार षड्जावर गायक थांबला की सभागृह भरून टाळ्या येतात, आणि मंद्र धैवतावरून निषादाला नुसता स्पर्श करून परतलेली जागा पहिल्या दोन रांगांतच विरते. श्रोता म्हणून या सवयीत आपलाही वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे.

गायनाचे वर्ग सुरू झाले तेव्हा दुसरी अडचण आली. एका खोलीत एक पेटी आणि तिच्यावर शिक्षकांची एकच पट्टी. मुली, मुले, आवाज फुटण्याच्या वयातले विद्यार्थी, सारे त्याच षड्जावर. पुरुष गुरूच्या काळी एकमध्ये गाणाऱ्या मुलीला खाली जागा उरत नाही, म्हणून ती सप्तक बदलून वर जाते आणि तिथे तिला तार सप्तक पेलत नाही. जुन्या गुरूंची कसोटी साधी होती. मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत दोन्ही टोके ताणाविना लागली पाहिजेत. जिथे ती लागतील तो आपला सूर. वर्गांच्या रेट्यात ही कसोटी मागे पडली.

अलीकडे पट्टीचा प्रश्न वेळेशीही जोडला गेला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपकाला मनाई केली. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस ती मुदत बारापर्यंत वाढवू शकते. नियम योग्य आहे, शेजारच्या घरात आजारी माणूस असतो. पण १९५३ पासून पुण्यात डिसेंबरच्या थंडीत रात्रभर चालणारा महोत्सव त्यामुळे दुपारी आणि संध्याकाळी भरू लागला, आणि उत्तररात्रीच्या रागांची जागा आक्रसली. गळ्यालाही दिवसाचे भान असते. सकाळी उठल्यावर स्वरतंतू किंचित सुजलेले असतात, आवाज जड व खालचा लागतो आणि दिवस चढतो तसा मोकळा होतो. म्हणून संध्याकाळी काळी चारमध्ये गाणारी गायिका सकाळच्या मैफलीला अर्धा सूर उतरवून पांढरी पाच घेते, तबलजीला आदल्या दिवशीच फोन करून तसे कळवते, आणि ग्रीनरूममध्ये तानपुऱ्याची खुंटी सैल करताना त्या उतरलेल्या षड्जावर पाच मिनिटे डोळे मिटून नुसती बसते.