लेक्चर तीनदा पाहिलं, परवचा एकदाही नाही

माझी भाची रत्नागिरीजवळच्या गावात राहून दूरशिक्षणाने बी.कॉम. करते. परवा फोनवर कुरकुरत होती, "मामा, कॉस्टिंगचं लेक्चर तीनदा बघितलं. बघताना सगळं कळतं, आणि पेपर समोर आला की पाटी कोरी!" मी म्हटलं, "अगं, मग चौथ्यांदा बघू नकोस." तिला वाटलं, मामा चेष्टा करतोय.

2006 साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना अभ्यासाला छोटे उतारे दिले. एका गटाने चारही सत्रं वाचनात घालवली. त्यांचा उतारा सरासरी चौदा वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने पहिल्याच सत्रात वाचलं, तेही तीन-साडेतीन वेळा. उरलेली तीन सत्रं उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे: 83 टक्के, लिहिणारे 71. आठवड्याने वाचणाऱ्यांकडे 40 टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे 61. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा कुणाला होता? वाचणाऱ्यांना!

असं का होतं, हा माझा आवडता विषय. रॉबर्ट आणि एलिझाबेथ बियॉर्क या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत प्रत्येक आठवणीला दोन मापं असतात: ती किती खोल रुजली आहे आणि आत्ता किती हाताशी आहे. लॉजच्या खोलीचा नंबर आज अगदी जिभेवर असतो, पण रुजलेला नसतो. महिन्याने तो पुसला जातो. लहानपणच्या शेजाऱ्यांचा फोन नंबर उलट. तो चटकन आठवत नाही, पण कुणी पहिले दोन आकडे सांगितले की उरलेले आपसूक येतात. आता खरी मेख. आठवण जितकी कमी हाताशी असेल, तितकं ती खेचून बाहेर काढल्याने रुजणं जास्त वाढतं. लेक्चर संपताक्षणी पुन्हा लावलं तर सगळं हाताशीच असतं, म्हणून रुजण्यात भर जवळजवळ शून्य. दिवसभर जाऊ दिला तर भर मोठी. मात्र इतकंही थांबू नये की काहीच बाहेर येणार नाही, कारण न आलेली आठवण रुजणार कशी? म्हणजे रुजण्यातली वाढ हाताशी असण्याच्या व्यस्त प्रमाणात, पण खेच यशस्वी झाली तरच. दोन टोकांच्या मधला हा पट्टा प्रत्येकाचा वेगळा आणि प्रत्येक धड्यागणिक वेगळा.

आमच्या आजोबांना हे मानसशास्त्र ठाऊक नव्हतं, पण दिवेलागणीला ते परवचा म्हणायला बसवायचे. पावकी, निमकी, दिडकी, सगळं न बघता. पाढ्यांचा अर्थ त्यातून कळायचा असा माझा दावा नाही, पण बघून वाचायची मुभा नव्हती हे महत्त्वाचं.

ऑनलाइन शिकणाऱ्यांसाठी आणखी एक प्रयोग कामाचा आहे. हार्वर्डमध्ये कार्ल स्पुनार आणि सहकाऱ्यांनी 21 मिनिटांच्या संख्याशास्त्राच्या व्हिडिओचे चार तुकडे केले. प्रत्येक तुकड्यानंतर ज्यांची छोटी चाचणी घेतली, त्यांचं लक्ष भरकटण्याचं प्रमाण 19 टक्के होतं; ज्यांची घेतली नाही त्यांचं 41. चाचणीवाल्यांनी टिपणंही जास्त काढली. हा अभ्यास 2013 चा.

दुसरीकडे बाजारात 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे, म्हणजे मुलांचा मध्यमेंदू जागा करून देतो म्हणणारे वर्ग चालतात. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात म्हणे! नाकाजवळच्या फटीतून दिसतं, एवढंच त्यामागचं विज्ञान. खऱ्या मध्यमेंदूकडे डोळ्यांच्या हालचाली वगैरे कामं असतात. पट्टीआडून वाचण्याची सोय त्यात नाही. स्मरणशक्तीच्या चूर्णांबद्दल न बोललेलंच बरं.

भाचीने आता दर पाच मिनिटांनी व्हिडिओ थांबवून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली आहे. काल रात्री मी सहज विचारलं, "ब्रेक-इव्हनला, म्हणजे ना नफा ना तोटा होईल इतके नग काढायला, स्थिर खर्च कशाने भागायचा?"

"विक्रीच्या किमतीने." मी गप्प राहिलो. पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती. "थांब मामा, सांगू नकोस... किमतीतून बदलता खर्च वजा करून नगामागे जे उरतं ना, त्याने!"