मिरी की ढोबळी मिरची?

रविवारी मटणाच्या पंगतीत कुणी वाईन काढली की कोल्हापुरात एक प्रश्न ठरलेला: "ही बी लाल, ती बी लाल. शिराज काय आन् कॅबर्ने काय!" ही दोन्ही द्राक्षांच्या जातींची नावं, आणि त्यांच्या वाईनचीही. फरक आहे, आणि तो ओळखायला आपल्या स्वयंपाकघराची सवय असलेलं नाक पुरतं.

शिराजला पुष्कळदा ठेचलेल्या काळ्या मिरीचा वास येतो. तो भास नव्हे. मिरीतलं रोटुंडोन नावाचं द्रव्य या द्राक्षाच्या सालीतही असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. गंमत अशी, की साधारण पाचांतल्या एकाला तो वास येतच नाही. तेव्हा शेजारच्याला आला नाही म्हणून वाद घालू नका.

कॅबर्नेचा, म्हणजे पूर्ण नावानं कॅबर्ने सोव्हिन्याँचा, वास ढोबळी मिरचीकडे झुकतो. तो पायराझिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. द्राक्षं नीट पिकली नाहीत तर जास्तच. हा घराण्याचा वारसा आहे. १९९७ मध्ये डीएनए तपासून कळलं, की हे लाल द्राक्ष कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांचं अपत्य, आणि दोघांनाही हा वास असतो. यातलं सोव्हिन्याँ ब्लाँ पांढरं. म्हणून दुकानात नुसतं 'सोव्हिन्याँ द्या' म्हणू नका, भलतीच बाटली घरी येते.

शिराज आणि सिरा ही मात्र एकाच द्राक्षाची दोन नावं. इराणातल्या शिराज शहरातून ते आलं ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण त्याचे आईबाप, ड्युरेझा आणि माँड्यूझ ब्लांश, आग्नेय फ्रान्सचेच निघाले.

तोंडात गेल्यावर कॅबर्ने जास्त तुरट लागते. द्राक्षाचे मणी बारीक, साल जाड, म्हणून टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, भरपूर. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तसं काहीसं. शिराज बहुधा भरीव आणि जरा मऊ.

तांबड्या रश्श्यासोबत मी दोन्ही टाळतो. टॅनिन आणि अल्कोहोल तिखटाला आणखी पेटवतात, मग ना रस्सा कळतो ना वाईन. कॅबर्नेला चरबीचं अळणी मटण द्या, तुरटपणा लगेच निवळतो. मिरी घातलेलं, बेताच्या तिखटाचं सुक्कं असेल तर शिराज.

आणि 'रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे एप्रिलच्या कोल्हापुरात विसरा. तिला १६ ते १८ अंश लागतात. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायला लाजू नका.