ससे विकणारा जिंजर मिक आणि ऑस्ट्रेलियाची बोलीतली कविता

ऑक्टोबर १९१६ मध्ये सिडनीच्या अँगस अँड रॉबर्टसन या प्रकाशन संस्थेनं 'द मूड्स ऑफ जिंजर मिक' हा कवितासंग्रह बाजारात आणला. त्याचा नायक मेलबर्नच्या गल्लीबोळांतून हातगाडीवर ससे विकत फिरतो. तोंडानं शिवराळ, हातानं उतावळा, पोलिसांशी दोन हात करायला कायम तयार. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात भरती होतो आणि तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत मरतो. सहा महिन्यांत या पुस्तकाच्या चाळीस हजारांहून जास्त प्रती खपल्या. तेव्हा ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पन्नास लाखसुद्धा नव्हती. सैनिकांच्या खिशात मावेल अशी खंदकांसाठीची छोटी आवृत्तीही निघाली.

कवी सी. जे. डेनिस. वर्षभरापूर्वीच, ऑक्टोबर १९१५ मध्ये, त्याच्या 'द साँग्ज ऑफ अ सेंटिमेंटल ब्लोक'नं ('ब्लोक' म्हणजे गडी) खपाचे सगळे अंदाज मोडले होते. दीड वर्षात त्याच्या साठ हजारांवर प्रती गेल्या. मला या आकड्यांपेक्षा भाषेचं नवल जास्त वाटतं. ही सगळी कविता गल्लीतल्या माणसाच्या बोलीत आहे, आणि ती बोली थट्टेसाठी वापरलेली नाही. ज्या उच्चारांवरून शाळेत छडी बसायची, त्याच उच्चारांत एका देशानं आपल्या मेलेल्या पोरांचा शोक केला. ही भाषा छापील पानापर्यंत पोचायला जवळजवळ शंभर वर्षं लागली होती.

सुरुवात कैद्यांपासून करावी लागते. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटननं सुमारे १ लाख ६० हजार कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले. त्यांत फ्रान्सिस मॅकनमारा नावाचा एक आयरिश होता; १८३२ मध्ये इथे आला, लोक त्याला 'फ्रँक द पोएट' म्हणत. त्याच्या पाठीवर फटक्यांची कमतरता नव्हती आणि जिभेवर कवितेची. १८३९ च्या सुमारास रचलेल्या एका लांबलचक कवितेत तो नरकाची सफर करून येतो. तिथे त्याला यातना भोगताना दिसतात ते त्याचे छळ करणारे अधिकारी. कैद्याला मात्र सैतानच सांगतो, तुझी जागा इथे नाही, तू वर स्वर्गात जा. अशा रचना छापल्या जात नव्हत्या, त्या पाठ होत होत्या. मॉर्टन बे इथल्या कैदेवरचं त्याच्या नावावर सांगितलं जाणारं गाणं किती खोल मुरलं होतं, ते चाळीस वर्षांनी कळतं. १८७९ मध्ये दरोडेखोर नेड केलीनं जेरिल्डेरी गावात जे प्रसिद्ध पत्र मागे ठेवलं, त्यात त्या गाण्याचे पडसाद सरळ ऐकू येतात.

१८५१ मध्ये सोनं सापडलं आणि खाणींवर जगभरातून माणसं लोटली. त्यांच्या तंबूंतून गाणी, लावण्या म्हणाव्यात तशा प्रासंगिक रचना फिरत राहिल्या. पण या तोंडी परंपरेला कागद मिळवून दिला तो 'द बुलेटिन' या सिडनीच्या साप्ताहिकानं. १८८० मध्ये जे. एफ. आर्चिबाल्ड आणि जॉन हेन्स यांनी ते काढलं. मेंढ्या हाकणारे, कुंपणं घालणारे, लोकर कातरणारे अशा वाचकांकडूनच त्यांनी मजकूर मागवला आणि तो छापलाही. दूरच्या रानातल्या झोपड्यांत हे अंक हातोहात फिरत, इतके की लोक त्याला 'बुशमनचं बायबल' म्हणू लागले. हेन्री लॉसन आणि बँजो पॅटरसन हे दोघं इथेच मोठे झाले.

पॅटरसन शहरातला वकील. १८९५ मध्ये क्वीन्सलंडमधल्या एका मेंढपाळीच्या मळ्यावर मुक्कामी असताना त्यानं 'वॉल्ट्झिंग मटिल्डा'चे शब्द लिहिले. पाठीवर वळकटी टाकून कामाच्या शोधात हिंडणारा एक मजूर मेंढी चोरतो आणि पोलीस आल्यावर शरण जाण्याऐवजी पाण्यात उडी घेतो, एवढीच गोष्ट. आज तिला अनधिकृत राष्ट्रगीत मानतात.

लॉसनचं तसं नव्हतं. तो १८६७ मध्ये सोन्याच्या खाणीवरच्या तंबूवस्तीत जन्मला, लहान वयात जवळजवळ बहिरा झाला आणि हातानं काम करून जगला. त्याची कविता कष्टकऱ्यांकडे पाहत नाही, त्यांच्यातून बोलते. १८९१ मध्ये क्वीन्सलंडमध्ये लोकर कातरणाऱ्यांचा मोठा संप झाला. या कामाची मजुरी शेकड्यावर असे: शंभर मेंढ्या कातरल्या की ठरलेले पैसे. एखादी मेंढी नीट कातरलेली नाही असं मालकाला वाटलं तर पैसे कापले जात. संघटनेबाहेरचे मजूर आणायचा हक्क मालकांना हवा होता, आणि संप मोडायला सरकारनं बार्काल्डिनला सैन्य पाठवलं. लॉसननं त्यावर 'फ्रीडम ऑन द वॉलबी' ही कविता लिहिली. वॉटलच्या झाडांवर रक्त सांडलं तर दोष आमचा नाही, असा तिचा शेवट. कामगारांच्या वर्तमानपत्रात ती आली आणि जुलैमध्ये क्वीन्सलंडच्या वरिष्ठ सभागृहात एका सदस्यानं, संपकरी किती घातक झालेत ते दाखवायला, ती वाचून दाखवली. कवितेची ताकद विरोधकानंच नोंदवून ठेवली!

सैनिकाची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेनं आली, आणि ती वाट मुंबईवरून जाते. रड्यार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला, वडील जे. जे. कला शाळेत शिकवत. १८९२ च्या 'बॅरॅक-रूम बॅलड्स'मध्ये त्यानं हिंदुस्थानातल्या साध्या गोऱ्या शिपायाला त्याच्याच लंडनी बोलीत बोलायला लावलं. किपलिंगच्या साम्राज्यप्रेमाशी माझं कधीच जमणार नाही. पण शिपाई हा कवितेत बोलणारा माणूस असू शकतो, हे इंग्रजी वाचकाला त्यानं पटवलं आणि डेनिसच्या पिढीनं ते उचललं. गंमत म्हणजे महायुद्धातल्या शिपाईभाषेत आपले शब्दही होते. 'घर' या अर्थाचा 'ब्लायटी' हा 'विलायती'वरून आला आणि 'नजर टाकणं' या अर्थाचा 'डेको' हा 'देखो'वरून. हिंदुस्थानातल्या छावण्यांतून ते युरोपच्या खंदकांत पोचले.

डेनिसचा जन्म १८७६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऑबर्न इथला. वडील गुत्त्याचे मालक. आई लवकर गेली आणि मुलाला अविवाहित मावश्यांनी शिस्तीत वाढवलं. घरात मावश्यांची इस्त्री केलेली इंग्रजी, गुत्त्यात गिऱ्हाइकांची. पुढे तो वडिलांच्या गुत्त्यात पेले भरायला उभा राहिला, वकिलाकडे कारकुनी केली, अॅडलेडमध्ये स्वतःचं साप्ताहिक काढलं, ते गळ्याशी आल्यावर मेलबर्नला आला. १९०८ मध्ये टूलँगीच्या जंगलात लाकूडतोड्याच्या सोडून दिलेल्या झोपडीत राहू लागला. ब्लोकच्या पहिल्या कविता १९०९ मध्ये 'बुलेटिन'मध्ये आल्या. पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती हेन्री लॉसननं, म्हणजे मशाल एका हातातून दुसऱ्या हातात गेली ती सगळ्यांसमक्ष.

'ब्लोक'चं नाव बिल. मेलबर्नच्या 'पुश'मधला, म्हणजे गल्लीच्या टोळीतला लॅरिकिन. आपल्याकडे उनाड टपोरी म्हणू तसा. तो डोरीनच्या प्रेमात पडतो, आणि डोरीन लोणच्याच्या कारखान्यात बरण्यांवर लेबलं चिकटवते. प्रेमकवितेच्या नायिकेचा हा व्यवसाय डेनिसनं सहज, कुठलंही समर्थन न देता सांगितला आहे, आणि त्यासाठी तो मला फार आवडतो. एका कवितेत दोघं 'रोमिओ अँड ज्युलिएट' बघायला जातात. बिलला त्या दोन घराण्यांचं भांडण लगेच कळतं, कारण त्याच्या गल्लीतल्या टोळ्यांचं तेच चाललेलं असतं. रंगमंचावर तलवारी निघाल्यावर तो भान विसरून 'घाल लाथ!' असं ओरडतो, आणि आजूबाजूचे सभ्य प्रेक्षक त्याला गप्प करतात. शेक्सपिअर त्या सगळ्यांपेक्षा बिललाच जास्त समजलेला असतो.

भाषेचं थोडं जवळून पाहावं. डेनिस शब्द उच्चारतात तसेच छापतो. 'हार्ट'मधला 'ह' गळून नुसतं 'आर्ट' उरतं, 'विथ'चं 'विव्' होतं. आपल्याकडच्या बऱ्याच कथांत गावची बोली संवादापुरती येते आणि निवेदक प्रमाण मराठीत बोलतो. डेनिसनं ती सोय ठेवलीच नाही; निवेदक बिलच आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पण वृत्त मात्र काटेकोर, यमकं घट्ट, कडवी इंग्रजीतल्या प्रतिष्ठित कवितेच्या मापाची. भाषा गल्लीची आणि बांधणी दरबारी, त्यामुळे कुणाला 'अडाण्याचं काम' म्हणून बाजूला सारता येईना. पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थांची यादी आहे, आणि ती अति सभ्य वाचकांच्या वापरासाठी आहे असं तिच्या शीर्षकातच म्हटलंय. अडखळायची पाळी या वेळी शिकलेल्यांवर आली.

जिंजर मिक हा बिलचा जिवलग. तो ससे विकतो यालाही इतिहास आहे. १८५९ मध्ये व्हिक्टोरियातल्या एका जमीनदारानं शिकारीच्या हौसेसाठी विलायती ससे मोकळे सोडले. काही दशकांत त्यांनी कुरणंच्या कुरणं फस्त केली. श्रीमंताच्या हौसेतून आलेली ही पीडा गरिबाच्या ताटातलं स्वस्त मटण झाली, आणि ते विकत फिरणारे 'रॅबिट-ओ' अशी आरोळी ठोकू लागले. मिक त्यांतलाच.

युद्धाची बातमी आल्यावर मिक जे विचारतो ते इतर कुठल्याही देशभक्तिपर कवितेत सहसा सापडत नाही. या लढाईत माझ्यासारख्याला काय मिळणार? ज्यांची जमीनजुमला, ज्यांच्या इस्टेटी, त्यांनी लढावं. बिलकडे त्याला उत्तर नाही. मिक शेवटी जातो तो दुबळ्यांवर हात उचलल्याच्या बातम्या ऐकून आणि थोडा मारामारीच्या ओढीनं. बोलीत 'स्टाउश' म्हणजे मारामारी. या एका शब्दात त्याचं आजवरचं सगळं आयुष्य आहे. आपल्या रोझला तो बिलवर सोपवून जातो. मग इजिप्तमधून, गॅलिपोलीहून त्याची पत्रं येत राहतात. खंदकात त्याच्या शेजारी बड्या घरचा पोरगा असतो. आधी दोघं एकमेकांना तुच्छ मानतात, मग त्याच चिखलात दोस्त होतात. आणि एक दिवस मिकच्या ऐवजी त्याच्याविषयीचं पत्र येतं. त्या शेवटच्या कवितेचं नाव आहे 'अ गॅलंट जेंटलमन'. 'जेंटलमन' म्हणजे खानदानी माणूस. हा शब्द आयुष्यात एकदाही वाट्याला न आलेल्या सशांच्या फेरीवाल्याला तो मेल्यावर मिळतो. ही कविता मी दर वेळी हळूहळू वाचतो, कारण बिलला रडणं जमत नाही आणि त्याची बोली त्याला मदत करत नाही.

ऑस्ट्रेलियाचे सैनिक गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर २५ एप्रिल १९१५ ला उतरले आणि आठ महिन्यांत आठ हजारांहून जास्त तिथेच राहिले. संपूर्ण युद्धात सुमारे साठ हजार. हे सगळे स्वखुशीनं गेलेले होते. सक्तीच्या भरतीसाठी पंतप्रधान बिली ह्यूजनं ऑक्टोबर १९१६ मध्ये, म्हणजे 'जिंजर मिक' निघालं त्याच महिन्यात, आणि पुन्हा डिसेंबर १९१७ मध्ये जनमत घेतलं. दोन्ही वेळा देशानं नकार दिला. या वातावरणात मिकचा 'मी का लढू?' हा प्रश्नही लोकांना आपला वाटला आणि त्याचं जाणंही.

डेनिसनं रणांगण कधी पाहिलं नव्हतं, आणि ते कवितेत जाणवतं. त्याचं युद्ध काही ठिकाणी गल्लीतल्या भांडणासारखं स्वच्छ आहे. प्रत्यक्ष लढलेल्यांचा आवाज हवा असेल तर गॅलिपोलीच्या खंदकांतच सैनिकांकडून लिहून घेतलेलं, चार्ल्स बीननं संपादित केलेलं 'द अँझॅक बुक' (१९१६; 'अँझॅक' म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फौज) आहे, किंवा तिथे जखमी झालेल्या लिऑन गेलर्टच्या कविता. गेलर्ट प्रमाण इंग्रजीत लिहितो आणि त्याचा अंधार जास्त खरा आहे. तरी खिशात गेला तो मिक.

या परंपरेची एक बाजू मला बोचते आणि ती लपवणं बरोबर होणार नाही. १९०८ पासून 'बुलेटिन'च्या मुखपृष्ठावर 'ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी' असं ब्रीद छापलं जाई. ते १९६० मध्ये निघालं. ज्या लिटिल बर्क स्ट्रीटच्या आसपास बिल आणि मिक वावरतात ती मेलबर्नमधल्या चिनी लोकांची वस्ती होती, आणि कवितांत त्यांना शिवीखेरीज नाव नाही. आडवे येणारे नियम ओलांडून सुमारे हजार मूळनिवासी त्या युद्धात गेले. त्यांच्यातला जिंजर मिक कुणी लिहिला नाही.

१९१८ मध्ये डेनिसनं 'डिगर स्मिथ' लिहिलं. 'डिगर', म्हणजे खणणारा, हा सोन्याच्या खाणींवरचा जुना शब्द. १९१७ च्या सुमारास तो ऑस्ट्रेलियन शिपायाचं नाव झाला. यातला स्मिथ घरी परत आलेला आहे आणि स्वतःला अर्धाच माणूस म्हणवून हसतो. बिल म्हणतो, जिगर पाहिली तर हा आपल्यासारख्या दोघांच्या बरोबरीचा. १९१९ मध्ये रेमंड लाँगफर्डनं 'सेंटिमेंटल ब्लोक'वर मूकपट केला. चित्रपटाला आवाज नव्हता, म्हणून पडद्यावरच्या पाट्यांवर डेनिसच्याच ओळी, त्याच बिघडलेल्या स्पेलिंगसकट झळकत.

डेनिस २२ जून १९३८ ला मेलबर्नमध्ये गेला. आता दर २५ एप्रिलला पहाटे ऑस्ट्रेलियाभर लोक स्मारकांपाशी जमतात. तिथे म्हटलं जाणारं कडवं लॉरेन्स बिन्यन या इंग्रज कवीचं आहे: इंग्लंडमध्ये, १९१४ मध्ये, गॅलिपोलीच्याही आधी, निर्दोष इंग्रजीत लिहिलेलं.