व्हर्च्युअल मशीन टेम्प्लेट्सचे भांडार

व्हर्च्युअल मशीन, म्हणजेच खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी यंत्र किंवा व्हीएम, उभी करताना दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिम मुळापासून बसवावी लागू नये म्हणून आधीच तयार करून ठेवलेल्या डिस्क इमेज, त्यांच्याविषयीच्या नोंदी आणि त्या वापरण्याचे नियम यांचा एकत्रित संग्रह म्हणजे टेम्प्लेट्सचे भांडार होय. पुण्यात हिंजवडी, खराडी, बाणेर, मगरपट्टा या भागांतील सॉफ्टवेअर कंपन्यांत, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि संशोधन संस्थांच्या डेटा सेंटरांत असे भांडार कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते. काही ठिकाणी त्याची जबाबदारी नेमून दिलेली असते. पुष्कळ ठिकाणी मात्र ते सामायिक स्टोरेजवरील एखाद्या फोल्डरात वर्षानुवर्षे साठत जाते आणि त्यातील कोणती फाईल कोणी, कधी, कशासाठी ठेवली हे सांगू शकणारा माणूस एव्हाना नोकरी बदलून गेलेला असतो. भांडारात किती टेम्प्लेट्स आहेत यापेक्षा त्यांतले प्रत्येक पुन्हा तसेच तयार करता येते का, यावर त्या भांडाराचा भरवसा ठरतो.

इतिहास : एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याची सोय आयबीएमच्या व्हीएम/३७० या प्रणालीने १९७२ साली बाजारात आणली. साध्या पीसी व सर्व्हरच्या जगात ही कल्पना रुजवणारी व्हीएमवेअर ही कंपनी १९९८ मध्ये स्थापन झाली आणि ‘एक व्हीएम नीट तयार करा, मग तिच्या प्रती काढा’ ही कामाची पद्धत तेव्हापासून अंगवळणी पडली. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये भाड्याने व्हीएम देणारी ईसी२ सेवा सुरू केली, तेव्हा प्रत्येक यंत्र एएमआय नावाच्या इमेजमधूनच सुरू होत असे. म्हणजे टेम्प्लेट ही ऐच्छिक सोय न राहता यंत्र सुरू करण्याची पूर्वअट बनली. रॅकस्पेस आणि नासा यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ओपनस्टॅक या क्लाउड उभारण्याच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात इमेज सांभाळण्याचे काम ग्लान्स या स्वतंत्र सेवेकडे सोपवण्यात आले. व्हीएमवेअरने आपल्या सर्व्हरवर व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीच्या, व्हीस्फिअर ६.० या २०१५ च्या आवृत्तीत कंटेंट लायब्ररी आणली. तिच्यामुळे एका ठिकाणी प्रकाशित केलेले टेम्प्लेट दुसऱ्या ठिकाणच्या वर्गणीदार लायब्ररीत आपोआप किंवा मागणीनुसार उतरवता येऊ लागले. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर सेवेचे ‘सेंट्रल इंडिया’ हे क्षेत्र २०१५ मध्ये पुण्यात सुरू झाले.

इमेजचे प्रकार : डिस्क इमेज ही अतिथी यंत्राला, म्हणजे आत चालणाऱ्या व्हीएमला, संपूर्ण हार्डडिस्क भासणारी फाईल असते. रॉ प्रकारात डिस्कवरील बाइट जसेच्या तसे ओळीने ठेवलेले असतात. लिनक्सवर व्हीएम चालवणाऱ्या क्यूएमू-केव्हीएमच्या क्यूकाऊ२ प्रकारात डिस्कचे तुकडे, मुळात ६४ किलोबाइटचे, लागतील तसे फाईलमध्ये वाढत जातात. त्यामुळे २० जीबीची म्हणून जाहीर केलेली डिस्क प्रत्यक्षात दोन-अडीच जीबीच जागा घेऊ शकते. व्हीएमवेअरचा व्हीएमडीके, व्हर्च्युअलबॉक्सचा व्हीडीआय, मायक्रोसॉफ्टचा व्हीएचडी व त्याचा ६४ टीबीपर्यंत जाणारा वारस व्हीएचडीएक्स हे इतर रूढ प्रकार आहेत. डीएमटीएफ या मानक संस्थेचा ओव्हीएफ हा डिस्कचा प्रकार नसून यंत्राचे वर्णन करणारी मांडणी आहे, आणि ओव्हीए म्हणजे ते वर्णन व डिस्क एकत्र बांधलेले टार गाठोडे होय.

एका प्रकारातून दुसऱ्यात रूपांतर करणे सोपे वाटते, पण अडचणी बारकाव्यांत असतात. अ‍ॅझ्युरवर स्वतःची लिनक्स इमेज चढवायची झाल्यास ती व्हीएचडीएक्स चालत नाही. ती ठरीव आकाराची व्हीएचडी लागते आणि तिचा आभासी आकार पूर्ण एमबीच्या पटीत असावा लागतो. रूपांतरासाठी वापरल्या जाणाऱ्या क्यूएमू-आयएमजी या आज्ञेत व्हीएचडीचे नाव व्हीएचडी नसून, व्हर्च्युअल पीसीवरून आलेले व्हीपीसी असे आहे. शिवाय ‘फोर्स साइझ’ हा पर्याय न दिल्यास ही आज्ञा जुन्या हार्डडिस्कच्या सिलिंडर-हेड-सेक्टर या मापनाच्या हिशेबाने आकार थोडा बदलते, आणि तासभर खर्चून चढवलेली इमेज आकार जुळत नाही म्हणून नाकारली जाते. म्हणून भांडारात एकच मूळ प्रकार ठरवून बाकीचे त्यातून यंत्रवत काढणे श्रेयस्कर. हाताने केलेल्या रूपांतरांच्या प्रती ठेवू नयेत.

ओळख पुसणे : चालू यंत्राची डिस्क तशीच उचलून टेम्प्लेट म्हणून ठेवली, तर तिच्यातून निघालेली सर्व यंत्रे स्वतःला एकच यंत्र समजतात. टेम्प्लेट तयार करण्यातला सर्वांत नाजूक भाग हाच आहे आणि त्याकडे सर्वाधिक दुर्लक्षही इथेच होते. विंडोजमध्ये ही ओळख पुसण्याचे काम सिसप्रेप हे साधन करते. लिनक्समध्ये दूरून लॉगिन करताना यंत्राची ओळख पटवणाऱ्या होस्टच्या एसएसएच चाव्या, यंत्राचा स्वतःचा क्रमांक ठेवणारी ईटीसी डिरेक्टरीतील मशीन-आयडी ही फाईल, पहिल्यांदा सुरू होताना यंत्राची मांडणी करणाऱ्या क्लाउड-इनिटने ठेवलेली जुनी स्थिती, यादृच्छिक आकडे काढण्यासाठीचे रँडम सीड, लॉग, शेलचा इतिहास आणि तयार करणाऱ्याची स्वतःची अधिकृत चावी एवढे तरी काढावे लागते. लिबगेस्टएफएस या डिस्क इमेज हाताळणाऱ्या संचातील व्हर्ट-सिसप्रेप हे साधन त्यांपैकी बरेचसे काम बंद यंत्राच्या डिस्कवर करते.

मशीन-आयडीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका उबुंटू टेम्प्लेटमधून तीस-चाळीस व्हीएम काढल्या जातात आणि प्रात्यक्षिक सुरू होताच निम्म्या विद्यार्थ्यांचे नेटवर्क मधूनमधून तुटू लागते. प्रत्येक यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा क्रमांक, वेगळा असल्याने शंका स्विचवर किंवा केबलवर जाते. प्रत्यक्षात नेटवर्क सांभाळणारा सिस्टिमडी-नेटवर्कडी हा लिनक्सचा घटक, आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला आपली ओळख मॅक पत्त्यावरून न सांगता मशीन-आयडीपासून काढलेल्या क्रमांकाने सांगतो. सर्व प्रतींत ती फाईल सारखीच असल्याने सर्व्हरला सगळीकडून एकच ग्राहक दिसतो आणि तो सर्वांना एकच आयपी पत्ता देतो. उपाय एवढाच, की टेम्प्लेट बंद करण्यापूर्वी ही फाईल पूर्ण रिकामी करावी. मग प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा क्रमांक तयार करते. एसएसएच चाव्या सारख्या राहिल्या तर असा काही बिघाड दिसत नाही, सर्व काही सुरळीत चालते, म्हणूनच ती चूक अधिक गंभीर आहे: एका यंत्राची खासगी चावी ज्याच्या हाती लागेल, त्याला उरलेल्या सर्व यंत्रांचे सोंग घेता येते.

फाईल पुसली म्हणून तिच्यातील मजकूर डिस्कवरून गेला असेही नसते. पुसलेल्या फाईलचे ब्लॉक रिकामे म्हणून नोंदले जातात, पण त्यांतील बाइट इमेजमध्ये राहतात आणि टेम्प्लेटसोबत प्रत्येक प्रतीत जातात. म्हणून शेवटी रिकामे ब्लॉक सोडून देणारी एफएसट्रिम ही आज्ञा चालवणे किंवा व्हर्ट-स्पार्सिफायने इमेज आटवणे हे जागा वाचवण्याइतकेच गुप्ततेसाठीही आवश्यक आहे. पासवर्ड आणि चाव्या टेम्प्लेट तयार करतानाच आत न येऊ देणे, हा त्याहून भरवशाचा मार्ग होय.

साठवण आणि साखळी : टेम्प्लेटमधून प्रत दोन रीतींनी काढता येते. पूर्ण क्लोनमध्ये सगळी डिस्क नव्याने उतरवली जाते. लिंक्ड क्लोनमध्ये टेम्प्लेट पायाला राहते व नव्या यंत्राने केलेले बदलच वेगळ्या फाईलमध्ये लिहिले जातात. दुसरी रीत काही सेकंदांत आटोपते आणि चाळीस विद्यार्थ्यांच्या चाळीस यंत्रांना मिळून एकाच पायाची जागा लागते, त्यामुळे प्रयोगशाळांमध्ये ती सोयीची पडते. मात्र पायाची फाईल मग कोणत्याही कारणाने बदलता येत नाही. ‘एक छोटा अपडेट’ म्हणून कोणी ती लिहिण्यायोग्य स्थितीत सुरू केली, तर तिच्यावर उभ्या असलेल्या सर्व यंत्रांच्या फाईल सिस्टिम एकदम बिघडतात, कारण त्यांच्या फरकाच्या फायली जुन्या पायाच्या जागा गृहीत धरून लिहिलेल्या असतात. व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स या प्रणालीत व्हीएमचे टेम्प्लेट केले की ते पुन्हा सुरूच करता येत नाही, ते याच कारणासाठी. ज्यांचे भांडार साध्या फायलींचे आहे त्यांनी पायाच्या फायली किमान केवळ-वाचनासाठी करून ठेवाव्यात. दीर्घकाळ चालणाऱ्या यंत्रांसाठी पूर्ण क्लोनच घ्यावा, हे मत प्रस्तुत लेखक आग्रहाने मांडतो. वाचलेल्या जागेपेक्षा जुना पाया कधीच काढता न येण्याची किंमत मोठी असते.

नावे आणि नोंदी : नावातच आवृत्ती, तारीख, ‘फायनल’ आणि ‘नवीन’ कोंबण्याची सवय सर्वत्र आढळते. नावाने ऑपरेटिंग सिस्टिम, तिची आवृत्ती व बांधणीची तारीख सांगावी; उरलेले सर्व नोंदीत जावे. त्या नोंदीत जबाबदार गट, ज्या कृतीसंचातून (स्क्रिप्टमधून) इमेज बांधली त्याची गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातील नेमकी आवृत्ती, मूळ इमेजचा चेकसम (फाईलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा), किमान डिस्क व मेमरी आणि निवृत्तीची तारीख यांचा समावेश हवा. ग्लान्समध्ये प्रत्येक इमेजला कायमचा क्रमांक मिळतो आणि ती एकदा सक्रिय झाल्यावर तिचा मजकूर बदलता येत नाही. सुधारणा करायची तर नवी इमेजच घालावी लागते. जुनी इमेज यादीतून लपवण्याची सोयही तिथे आहे, त्यामुळे नवा वापरकर्ता चुकून ती निवडत नाही, पण तिच्यावर आधारलेली यंत्रे पुन्हा बांधता येतात. अ‍ॅझ्युरच्या कॉम्प्युट गॅलरीत आवृत्ती तीन अंकांनी लिहितात आणि एखादी आवृत्ती ‘लेटेस्ट’मधून वगळता येते, मात्र तिथे नोंदवलेली निवृत्तीची तारीख केवळ माहितीपुरती असते, तिने काहीही थांबत नाही. ‘लेटेस्ट’वर स्वयंचलित कामे टांगणे चाचणीपुरते ठीक आहे, उत्पादनातील यंत्रांसाठी नेमका क्रमांकच द्यावा.

पुनर्बांधणी : टेम्प्लेट तयार झाल्या दिवसापासून शिळे होऊ लागते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली, तेव्हा चालू सर्व्हर घाईने दुरुस्त केले तरी टेम्प्लेट तसेच राहिल्यास पुढच्या आठवड्यात काढलेली नवी यंत्रे तीच त्रुटी घेऊन जन्माला येणार, हे सर्वांना कळून चुकले. यावर एकच टिकाऊ उत्तर आहे, ते म्हणजे मूळ अधिकृत इमेज किंवा आयएसओ या स्थापनेच्या डिस्क-फाईलपासून सर्व पायऱ्या लिखित कृतीसंचाने चालवून ठरावीक काळाने नवे टेम्प्लेट बांधणे. हॅशिकॉर्पचे २०१३ पासूनचे पॅकर हे साधन त्यासाठी सर्वाधिक वापरले जाते; त्याच्या जोडीला किकस्टार्ट, प्रीसीड, ऑटोइन्स्टॉल यांसारख्या, स्थापनेच्या प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन ठेवणाऱ्या फायली लागतात. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकी पश्चिम किनाऱ्याच्या सकाळी येतात, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. त्यामुळे इथल्या गटांनी विंडोजची बांधणी त्यानंतरच्या बुधवारी लावणे सोयीचे ठरते. बांधलेली इमेज लगेच प्रकाशित करू नये. तिच्यातून दोन यंत्रे काढून त्यांचे आयपी पत्ते, होस्ट चाव्या आणि मशीन-आयडी वेगवेगळे आहेत ना, लॉगिन होते ना, अपडेट मिळतात ना, एवढे तपासावे; ही तपासणी काही मिनिटांची असते आणि वर सांगितलेला प्रयोगशाळेतला घोळ तीच टाळते.

विश्वासार्हता : बाहेरून आणलेल्या इमेजचा चेकसम आणि त्या चेकसमच्या फाईलवरील डिजिटल सही दोन्ही पडताळावे लागतात, कारण नुसता चेकसम फाईल धड उतरली एवढेच सांगतो, ती कोणी दिली हे सांगत नाही. वापरकर्त्यांना स्वतःच्या इमेज चढवू देणाऱ्या भांडाराला आणखी एक धोका असतो. क्यूकाऊ२ फाईलच्या हेडरमध्ये पायाच्या किंवा बाह्य डेटा फाईलचा मार्ग लिहिता येतो. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०२४-३२४९८ या त्रुटीत नेमक्या याच सोयीचा गैरवापर शक्य होता: मुद्दाम घडवलेली इमेज चढवून ओपनस्टॅकच्या सर्व्हरवरील भलत्याच फाईलचा मजकूर वाचता येत होता आणि ग्लान्स, यंत्रे चालवणारी नोव्हा व डिस्क पुरवणारी सिंडर या तिन्ही सेवांना ती लागू होती. चढवलेल्या इमेजचा दावा केलेला प्रकार आणि प्रत्यक्ष प्रकार जुळतो का हे तपासणे आणि बाह्य संदर्भ असलेली इमेज नाकारणे, हे भांडाराच्या दारातच व्हायला हवे.

निवृत्ती : सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आणि त्यानंतर लवकरच पॅकेजे कोठून उतरवायची त्याची मिरर-यादी देणारा पत्ताही बंद झाला. ज्या भांडारांत हे टेम्प्लेट निवांत पडून होते, तिथे त्यातून काढलेले यंत्र सुरू तर होई, पण पॅकेजे बसवणाऱ्या ‘यम’ या साधनाची पहिलीच आज्ञा पत्ता सापडत नाही म्हणून अडे, आणि व्हॉल्ट या संग्रहाचा पत्ता हाताने घातल्यावर जुनी पॅकेजे मिळाली तरी नवे सुरक्षा-अपडेट मिळणार नव्हते. म्हणून निवृत्ती टप्प्याटप्प्याने करावी: आधी टेम्प्लेट यादीतून लपवावे, मग नवी यंत्रे काढणे बंद करावे, त्यावर आधारलेल्या यंत्रांच्या धन्यांना कळवावे आणि कोणतीही लिंक्ड प्रत उरली नाही याची खातरजमा करूनच फाईल पुसावी. अ‍ॅमेझॉनवर एएमआयची नोंदणी रद्द केली तरी आधीपासून चालणाऱ्या यंत्रांना धक्का लागत नाही. मात्र तिच्यामागचे स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या साठवलेल्या प्रती, आपोआप जात नाहीत आणि त्यांचे भाडे चालूच राहते. नोंदणी रद्द करतानाच ते पुसले नसतील, तर हे स्नॅपशॉट वेगळे शोधून काढावे लागतात, आणि टेम्प्लेटच्या नोंदीत त्यांचे क्रमांक लिहिलेले असतील तरच ते काम एका बैठकीत उरकते.