कॉम्प्युटर स्लो झालाय की नुसता वाट बघतोय?

आमच्याकडे एक दहा-बारा वर्षं जुना डेस्कटॉप आहे. बटण दाबायचं, आंघोळ उरकायची, एखादा फोन करायचा आणि परत येऊन बघितलं तरी स्क्रीनवर ते गोल गोल फिरतंयच. घरात एकमताने ठरलं होतं की आता हा भंगारात. मी म्हटलं टाकायच्या आधी एकदा टास्क मॅनेजर (कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) तरी उघडून बघू. तिथे दिसलं ते असं: सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) 6 टक्के, डिस्क 100 टक्के. म्हणजे ज्याला आम्ही म्हातारा झाला म्हणून शिव्या घालत होतो तो प्रोसेसर निवांत हातावर हात ठेवून बसला होता आणि सगळी रांग लागली होती हार्डडिस्कच्या दारात.

चिप वापरून वापरून हळू होते हा एक गोड गैरसमज आहे. 3 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर दहा वर्षांनीही 3 गिगाहर्ट्झनेच पळतो (तापला नाही तर, त्याचं पुढे सांगतो). बदललंय काय, तर त्याच्यावर आपण लादलेलं सॉफ्टवेअर, आणि ते सॉफ्टवेअर डिस्ककडे सारखं काहीतरी मागत असतं.

आता हार्डडिस्क आत काय करते ते बघा. एक गोल चकती मिनिटाला 7200 फेरे मारते, म्हणजे एक फेरा साधारण 8.3 मिलिसेकंदांचा. हवी ती माहिती हेडखाली (चकती वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे 4 मिलिसेकंद, आणि त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर सरकायला आणखी 8-9. झाले 12-13 मिलिसेकंद. म्हणजे इकडे तिकडे विखुरलेल्या बारीकसारीक फाइल्स वाचायच्या असतील तर सेकंदाला जेमतेम 75-80 चकरा होतात, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइल्स उचलाव्या लागतात, त्यात अँटिव्हायरस आणि अपडेट त्याच वेळी मध्ये घुसतात, मग काय होणार.

12 मिलिसेकंद ऐकायला काहीच वाटत नाही ना? प्रोसेसरच्या घड्याळाने मोजू. त्याचा एक टिक (3 गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 3 अब्ज टिक) म्हणजे आपला एक सेकंद धरला तर रॅममधून (चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीतून) माहिती यायला चार-पाच मिनिटं लागतात, एसएसडीमधून (चकतीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कमधून) साधारण साडेतीन दिवस आणि हार्डडिस्कमधून वर्षाहूनही जास्त! एवढा वेळ तो बिचारा वाट बघत असतो, तरी स्लो म्हणून नाव त्याचंच खराब.

म्हणून माझं स्पष्ट मत, एकच गोष्ट करायची असेल तर हार्डडिस्कच्या जागी साटा (डिस्क बोर्डाला जोडायची नेहमीची पद्धत) एसएसडी लावा. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, माहिती म्हणजे बारीक बारीक सेलमध्ये अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन, त्यामुळे कुठलीही फाइल साधारण सारख्याच वेळात हाताला लागते. "माझा बोर्ड जुना आहे, साटा 2 वाला, त्यावर एसएसडी वाया जाईल" असं बरेच जण म्हणतात, पण ते खरं नाही. साटा 2 या जुन्या पिढीच्या जोडणीवर सलग वाचनाचा वेग सेकंदाला 250-280 एमबीवर अडकतो हे कबूल, पण आपली दुखणी ही शोधाशोधीची आहेत आणि तो फायदा पूर्ण मिळतो. फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) डिस्कचा मोड एएचसीआय (डिस्कशी बोलायची नवी पद्धत) आहे ना ते सिस्टिम टाकायच्या आधीच बघून घ्या, नंतर बदललात तर कधीकधी विंडोज सुरूच होत नाही. जुनी डिस्क फेकू नका, धडधाकट असेल तर फोटो-बिटो ठेवायला दुसरी डिस्क म्हणून राहू दे. आणि हो, सगळ्यात आधी बॅकअप!

रॅमचं दुखणं वेगळं. रॅम भरली की सिस्टिम न लागणाऱ्या गोष्टी डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागल्या की परत आणते, म्हणजे पुन्हा त्याच रांगेत उभं राहणं आलं. 4 जीबीवर आजचा ब्राउझर दहा टॅबमध्येच गुदमरतो, 8 जीबी केलं की श्वास मोकळा होतो. सिस्टिम 32 बिटची असेल तर मात्र नुसती रॅम वाढवून उपयोग नाही, साध्या विंडोजला 4 जीबीच्या वरचं दिसतच नाही. रॅमच्याही पिढ्या असतात, डीडीआर3 च्या खाचेत डीडीआर4 बसत नाही, तेव्हा जुनी पट्टी काढून त्यावरचं लेबल वाचूनच नवी घ्या.

मग मी कॅबिनेट उघडलं. फॅन आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामध्ये धुळीची अक्षरशः गादी जमली होती, बोटाने उचलली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. हवाच जात नसेल तर प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, तो "तापला नाही तर" इथे येतो. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं. हीटसिंक आणि प्रोसेसर यांच्यामधली थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खड्डे असतात, त्यात हवा बसते, आणि पेस्ट हवेच्या शंभरपटीहून जास्त उष्णता वाहून नेते. मध्यभागी एक छोटा थेंब पुरतो, ब्रेडवर लोणी फासल्यासारखी लावायची नसते. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका, वायर काढल्यावरही आत जीवघेणा चार्ज राहू शकतो.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, म्हणून मी लिनक्स मिंट या फुकट सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. ब्राउझर, मेल, लिखाण सगळं आरामात चालतं. 4के व्हिडिओ मात्र अडखळतो, कारण नव्या फॉरमॅटचे व्हिडिओ उलगडायची सोय जुन्या ग्राफिक्स चिपमध्ये नसते, सगळा भार प्रोसेसरवर येतो. 1080पी वर ठेवलं की विषय संपला. मदरबोर्डवरचे (मुख्य बोर्डावरचे) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, फुगलेले दिसले असते, म्हणजे बोर्डच जायला आला असता, तर मात्र मी एवढा खटाटोप केला नसता.

एवढं सगळं करून ब्राउझर उघडला तर प्रत्येक साइट म्हणते कनेक्शन सुरक्षित नाही. अर्धा तास मी लिनक्सला कोसत बसलो, मग कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं, मशीन कित्येक वर्षं मागे जाऊन बसलं होतं. साइटच्या सर्टिफिकेटला (तिच्या ओळखपत्राला) मुदत असते आणि घड्याळ मागे असलं की सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही असं ब्राउझरला वाटतं. मशीन बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता, सीआर2032, नावातच माप आहे, 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी. तो बदलला आणि तारीख लावली.